एका चुलीचे घर

भिकू कोतवालाने चावडीपुढे दवंडी दिली तेव्हा कोंडाजीची अर्धी दाढी झाली होती.

"ऐका हो. उद्या सकाळी घरपट्टीची पाहणी हाय. जेवढ्या चुली तेवढे नंबर. कौलारू घराला नंबरामागं वर्साला तीन रुपये, गवताच्या छपराला एक रुपया. समद्यांनी घरी ऱ्हावं हो."

कोंडाजी दगडावरून उठला. कुशाबा न्हावी वस्तरा तसाच वर धरून म्हणाला, "आरं, दुसरा गाल?"

"ऱ्हाऊ दे. निम्मे पैसे घे."

"निम्म्याची पद्धत न्हाई आमच्यात."

"बलुत्याची व्हती. ती मोडलीस तवा इचारलं व्हतंस का मला?"

कुशाबाने दोन वर्षांपूर्वी धान्याचे बलुते सोडून रोख पैसे घ्यायला सुरुवात केली होती. ती गोष्ट कोंडाजी विसरला नव्हता. एकसष्ट सालच्या त्या उन्हाळ्यात तो कुठलीच गोष्ट विसरत नव्हता. गूळ किती चढला, रॉकेलच्या बाटलीला पौडच्या दुकानात काय पडते, बैलाला नाल ठोकायचे काय घेतात, हे सगळे त्याच्या तोंडावर असे, आणि कुणी विचारले नाही तरी बाहेर पडे. आता त्यात नवीन पंचायतीची घरपट्टी आली. ज्या घरात आपण जन्मलो, त्यात राहायचे पैसे द्यायचे, ही गोष्ट माले गावात कुणालाच अजून नीट पटली नव्हती.

गाल धोतराच्या सोग्याने पुसत तो घरी आला आणि मागच्या बाजूला गेला.

मागे जायचे कारण होते. पाच वर्षांपूर्वी तो आणि धाकटा गेणबा वेगळे झाले, तेव्हा घराच्या मधोमध कारवीचा कूड घालून तो शेणामातीने लिंपला होता. सहा खणांचे घर, तीन-तीन खण वाटणीला. भांडी वाटली, बैल वाटले. जाते मात्र एकच होते. त्यावर दोन दिवस वाद झाला आणि शेवटी वरचा दगड कोंडाजीला, खालचा गेणबाला असा निवाडा झाला. खुंटा शिल्लक राहिला, तो भागूआत्याने उचलून नेला. तेव्हापासून दोन्ही घरे पैसे देऊन गिरणीवर दळण आणत आणि दोन्ही घरांत अर्धे जाते कोपऱ्यात असे. भावांचे बोलणे त्याच दिवशी थांबले.

कूड मागच्या पडवीपाशी संपत होता. तिथे गवताच्या छपराखाली भागूआत्या, म्हणजे त्यांच्या वडिलांची विधवा बहीण, आपल्या तीन शेळ्यांसह राहायची. काही सांगायचे असले की दोघेही तिथे येत.

"आत्या," कोंडाजी म्हणाला, "त्याला सांग, उद्याच्या दिवस आपन एकत्र हाय."

गेणबा चार हात अंतरावर बसून दोर वळत होता. त्याने वर पाहिले नाही. "आत्या, त्याला इचार, कशापायी?"

"म्हणावं, दोन चुली दिसल्या तर सहा रुपये. एक दिसली तर तीन."

गेणबाचा दोर थांबला. "म्हंजी दरडोई दीड."

"व्हय म्हणावं."

"चालंल म्हणावं."

आत्या पाला तोडून शेळीपुढे टाकत होती. "तुमी दोगं बहिरं हाय का? माज्या शेळ्यांनी सुदिक ऐकलं."

यावर दोघे हसले. आधी कोण हसले याबद्दल या घरात आजही दोन मते आहेत. मी दोन्ही ऐकली आहेत आणि मला त्यांतून निवड करता आलेली नाही.

अडचण होती ती लीलाबाईच्या चुलीची. घर वेगळे झाल्यावर पहिल्याच दिवशी गेणबाची बायको लीलाबाई स्वतः माती मळून ती चूल घालून बसली होती. ती काही उचलून नेता येण्यासारखी नव्हती. कोंडाजीने तोड काढली. बूड फुटलेली एक जुनी कणगी माळ्यावर पडून होती. ती चुलीवर टोपीसारखी पालथी घालायची, वरून पेंढा टाकायचा, की भाताची कणगी म्हणून खपून जाईल.

"पर आदी चुलीत तांब्याभर पाणी वत म्हणावं," त्याने बायकोकरवी सांगितले.

सगुणाबाईने ते कुडापलीकडे सांगितले. पलीकडून लीलाबाईचा आवाज आला, "आक्का, चुलीत पाणी वतायला घरात कोण मेलंय?"

सगुणाबाईने तो निरोप तिथेच सोडून दिला. त्या घरात चूल पाण्याने विझवण्याची वेळ एकाच प्रसंगी येत असे. एरवी विस्तव राखेखाली झाकायचा आणि सकाळी पुन्हा फुलवायचा. पाहणी सकाळीच होती. राखेखालचा विस्तव काय करणार, असे सगळ्यांनी धरले.

सकाळी कणगी चुलीवर बसली. लीलाबाई लोटा घेऊन दुधासाठी आत्याकडे गेली. मनात ती थोडी खूशच होती. दीड रुपयात पोरीच्या परकराचे कापड येते.

आत्या धार काढत होती. मान न वळवता तिने विचारले, "नंबर एक, मंग नाव कुणाचं?"

"थोरल्या भावजींचं. दुसरं कुणाचं घालणार?"

"आन् तुज्या नवऱ्याचं?"

"त्यांचं कशाला? एकच नंबर हाय."

आत्याने शेळीची कास सोडली. "माज्या सासरचं घर असंच एक व्हतं. धरणाच्या पाण्यात गेलं त्ये. घर एक, म्हणून कागदावर नाव थोरल्या दिराचं. आमचे धनी म्हणाले, असू दे, दादाच हाय. मंग धनी गेले. मंग घर गेलं. घराचं पैसं आले ते नावावर आले. दीर म्हणाला, भागू, तुला कुटं नाव हाय? मी दोन शेळ्या घिऊन हितं आले. त्याला झाली तीस-पस्तीस वर्सं." तिने लोटा पुढे केला. "धर. सांडंल."

लीलाबाई लोटा घेऊन तडक घरात आली. गेणबा मुंडासे बांधत होता.

"आवं, घर भावजींच्या नावावर चढणार."

"चढू दे की. एका दिवसाचं सोंग हाय."

"सोंग आपलं एका दिवसाचं. ग्रामसेवक भाऊसाहेबांची वही कायमची. उद्या त्ये म्हणाले, गेणबाचं हितं काय हाय, तर काय दाखवणार? जात्याचा खालचा दगड?"

"दादा तसला न्हाई."

"दादा नसतील. त्यांची पोरं? त्या पोरांच्या बायका? पाच वर्सं तुमी दोगं बोलत न्हाई, आन् कागदावर एक हुताय."

गेणबाने मुंडाशाचे टोक खोचले. भाऊ चांगला होता हे त्याला माहीत होते, आणि कागद चांगला असतो हेही. दोन्ही एकाच वेळी मनात ठेवण्याची त्याला सवय नव्हती. "आता काय सांगू दादाला? जबान दिली," तो म्हणाला आणि बाहेर गेला. अंगणात पावले वाजली होती.

लीलाबाईने कणगीची कड चार बोटे उचलली. राखेखाली विस्तव लाल होता. तिने कुडाच्या बुडातली वाळकी कारवी मूठभर उपसली, विस्तवावर सरकवली आणि कणगी पुन्हा खाली टेकवली. मग पदर खोचून ती जावेच्या घरात भाकऱ्या थापायला गेली.

ग्रामसेवक तरुण होता, शहरातून आलेला. त्याच्या बगलेत लांबलचक वही होती. गाव त्याला भाऊसाहेब म्हणे, आणि दर वेळी तो आपल्यालाच हाक मारली का हे मागे वळून बघे. बरोबर सरपंच जयसिंग होता आणि गेरूचे मडके घेतलेला भिकू.

सरपंच जयसिंग म्हणजे याच भावकीतला. पाच वर्षांपूर्वी घरात दोरी धरून वाटणीची मापे त्यानेच टाकली होती आणि जात्याचा निवाडाही त्याचाच. ओसरीवर दोघे भाऊ खांद्याला खांदा लावून बसलेले बघून त्याला ठसका लागला. पण तो बोलला नाही. पाहणी सकाळी त्याच्याच घरापासून सुरू झाली होती आणि तिथे चार चुलींची एक भरली होती.

"कुटुंब एकत्र?" भाऊसाहेबांनी विचारले.

"एकत्र," दोघे भाऊ म्हणाले.

"एकच स्वयंपाक?"

"एकच."

"आज काय केलंय?"

"आमटी," कोंडाजी म्हणाला.

"माशाचं कालवण," गेणबा त्याच वेळी म्हणाला.

आत चुलीपाशी सगुणाबाईने तोंडात पदर घेतला. तिला खरे तर बरे वाटत होते. पाच वर्षांत तिच्या शेजारी बसून कुणी भाकरी थापली नव्हती. लीलाबाईची भाकरी तिच्यापेक्षा चांगली फुगत होती, आणि आज तिला त्याचाही राग येत नव्हता.

भाऊसाहेब आत आले. "ही मधली भिंत कशासाठी?"

"वाऱ्यासाठी," कोंडाजी म्हणाला.

"घराच्या आत?"

"मावळातला वारा हाय भाऊसाहेब. कुटूनबी येतो."

भाऊसाहेबांची नजर कोपऱ्यातल्या दगडावर गेली. "जात्याचा हा वरचा दगड. खालचा कुठाय?"

"तकडं, पलीकडं."

"मग दळता कसं?"

सरपंचाने वर आढ्याकडे बघायला सुरुवात केली. गेणबा म्हणाला, "सवडीनं."

भाऊसाहेबांनी कोंडाजीकडे निरखून पाहिले. एक गाल चकचकीत, दुसरा काळाभोर. "आणि हे?"

"महागाई," कोंडाजी म्हणाला.

पलीकडच्या बाजूला सगळे जण जाऊन उभे राहिले. तीन खण, एक कणगी, चूल कुठे नाही. भाऊसाहेबांनी कणगीच्या शेजारी बैठक मारली, वही मांडीवर घेतली आणि टाक दौतीत बुडवला. "घर नंबर एक्केचाळीस. सहा खण, कौलारू. मालक, कोंडाजी बाजी शेडगे."

सहा खण, मालक कोंडाजी. हे शब्द कानांवर पडले तेव्हा कोंडाजीला क्षणभर फार बरे वाटले. इतके, की आपल्याला हे कशामुळे बरे वाटते आहे हे त्याने स्वतःला विचारले नाही. फक्त शेजारच्या गेणबाकडे बघायचे त्याने टाळले.

"भाऊसाहेब," भिकू म्हणाला, "कणगीतनं धूर यतुया."

"नवं भात हाय," कोंडाजी म्हणाला. "उबलं आसंल."

"उन्हाळ्यात नवं भात?" सरपंच म्हणाला.

"जुनं हाय मंग. जुनं बी उबतं."

पेंढ्यातून एक ज्वाळ उभी राहिली आणि भाऊसाहेब वहीसकट दाराबाहेर गेले. भिकूने गेरूचे मडके आगीवर ओतायला उचलले.

"वतू नका कुणी," लीलाबाई दारातून म्हणाली. तिचा आवाज असा होता की भिकूने मडके खाली ठेवले.

"गेण्या, धर तकडनं," कोंडाजी ओरडला.

"दादा, हात सांभाळ. कड तापलीया."

"तू तुजं बघ. उचल."

दोघांनी कणगी दोन बाजूंनी धरून अंगणात नेऊन फेकली, आणि ती जळताना बघत, भाजलेली बोटे तोंडात घालून उभे राहिले. आपण पाच वर्षांनी आत्याशिवाय बोललो हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आले नाही. सरपंचाच्या आले, पण त्याला त्या दिवशी काहीच बोलायचे नव्हते.

आत चूल मजेत पेटली होती. लीलाबाईने तिच्यावर तवा ठेवला.

"ही माजी चूल," ती पदर पुढे ओढून म्हणाली. "हिला नंबर घाला. नाव गेणबा बाजी शेडगे. तीन खण."

भाऊसाहेबांचा टाक हवेतच होता. कोंडाजी दारात आला. त्याचा न केलेला गाल कोळशाने आणखी काळा झाला होता.

"तीन रुपये घालिवलेस, बाई," तो म्हणाला.

"भावजी, तीन रुपये वर्साला जातील. घर जाणार न्हाई."

"म्हंजी? मी घर खाणार व्हतो व्हय गेण्याचं?"

मागच्या दारातून भागूआत्या म्हणाली, "माजा थोरला दीर बी असाच इचारायचा. लई वाईट वाटायचं त्याला."

कोंडाजीने कोळशाचा गाल सोग्याने पुसला. मघाचे ते क्षणभराचे बरे वाटणे त्याला आठवले. ते कुणी पाहिले नव्हते. पण आता ते अंगणात कणगीसारखे सगळ्यांसमोर पडले आहे असे त्याला वाटू लागले. गेणबा त्याच्याकडे बघत होता. त्या बघण्यात राग नव्हता, आणि तेच कोंडाजीला जड गेले.

"लिहा, भाऊसाहेब," तो म्हणाला. "एक्केचाळीस माजा, तीन खण. बेचाळीस गेणबाचा, तीन खण. निम्मं-निम्मं. सरपंचांनी मापं टाकली व्हती, इचारा त्यास्नी."

"तुम्ही मापं टाकली होती?" भाऊसाहेबांनी सरपंचाकडे वळून विचारले.

"आता पुढच्या घरी जाऊ," सरपंच म्हणाला. "ऊन चढतंय."

"आन् त्यांच्या चार चुलींचं बी बघा," गेणबा म्हणाला.

"कोणत्या चार?"

"थोरलीची, मधलीची, आईची, आन् पावण्यांची," कोंडाजी बोटे मोजत म्हणाला. "पावण्यांची धरू नका हवी तर. तिथं कुनी पावणा जेवलेला मी पायला न्हाई."

दोन्ही भाऊ एका बाजूने बोलत आहेत आणि ती बाजू आपली नाही, हे सरपंचाला कळले. भाऊसाहेब वहीची पाने उलटी चाळू लागले. दौतीत शाई पुरेल का, असे त्यांनी भिकूला विचारले.

लिहिणे झाले. भिकूने मडके उचलले. तेव्हा भागूआत्या म्हणाली, "माजी ऱ्हायली."

"काय, आत्या?"

"चूल. पडवीत हाय. तीन दगडाची."

"आत्या, तू एकटी," कोंडाजी म्हणाला. "एका माणसाला कशाला नंबर?"

"एक माणूस जेवत न्हाई व्हय?"

भिकूने मडके पुन्हा खाली ठेवले. पडवी दोन्ही वाटण्यांच्या शेवटी होती, अर्धी या बाजूला, अर्धी त्या. आत्याचा नंबर पडला की ती दोघांचीही राहणार नव्हती. कोंडाजीने गेणबाकडे बघितले, गेणबाने कोंडाजीकडे. पाच वर्षांत त्यांचे एखाद्या गोष्टीवर इतके पटकन एकमत होण्याची वेळ आली नव्हती.

"लिहा," सगुणाबाई चुलीपासून म्हणाली.

"तुला कोण इचारतंय?" कोंडाजी म्हणाला.

"न्हाईच इचारलं कुणी. म्हणून सांगतीया. लिहा, भाऊसाहेब."

"लिहा," लीलाबाई म्हणाली. दोन्ही जावा एकदम इकडे बघत होत्या, हातांना पीठ होते, आणि भाकऱ्या अजून कुणाला वाढलेल्या नव्हत्या. गेणबाने आधी मान हलवली. मग कोंडाजीने.

"त्रेचाळीस," भाऊसाहेब म्हणाले. "गवती छप्पर. नाव?"

"भागूबाई."

"पूर्ण."

आत्याने पदर सारखा केला. कुणी तिला पुष्कळ वर्षांत पूर्ण नाव विचारले नव्हते. "भागूबाई भ्रतार जोतिबा," ती म्हणाली, आणि लुगड्याची गाठ सोडून तिने चिल्लर भाऊसाहेबांच्या वहीवर ठेवली. "सोळा आणे."

"आज्जी, पट्टी आज नाही भरायची. आणि आता रुपयाचे शंभर नवे पैसे असतात."

"माज्याकडं सोळाच हायेत. मोजून घ्या, पुरं हायेत. आन् पावती द्या."

भाऊसाहेबांनी सरपंचाकडे बघितले. सरपंचाला त्या घरातून बाहेर पडायचे होते. "द्या," तो म्हणाला. कोऱ्या पुस्तकातली पहिली पावती फाटली. गावात घरपट्टीची पहिली पावती भागूआत्याच्या नावाची निघाली, असे आमच्याकडे सांगतात. कोंडाजीने त्या पावतीचा नंतर बरीच वर्षे तोरा मिरवला, पण स्वतःची पट्टी कधी मुदतीआधी भरली नाही.

भिकूने कोंडाजीच्या चौकटीवर एक्केचाळीस घातला, गेणबाच्या चौकटीवर बेचाळीस. पडवीला दार नव्हते. त्याने छपराच्या मेढीवर, कमरेच्या उंचीला, त्रेचाळीस काढला आणि कुंचला मडक्यात बुडवून वळला. तोवर थोरल्या शेळीने मेढीशी येऊन आधी तीन चाटला आणि मग चार.

"पुन्ना काढ," आत्या म्हणाली. "वर काढ. हिचं तोंड पोचणार न्हाई एवढ्या वर."

भिकूने हात उंच करून डोक्याच्या वर काढला. "झालं?"

आत्याने पदराने डोळ्यांवर सावली धरून अंदाज घेतला. दोन्ही भाऊ मागे उभे होते. आतून भाकरीचा वास येत होता, आणि कुणाच्या चुलीवरची, हे त्या वेळी कुणी विचारत नव्हते.

"आजून वर," ती म्हणाली. "गेणबा, कोंडाजी, उचला रं ह्याला जरा. धरणाच्या पाण्याचं काय सांगता येतंय?"